आजोबांचं वर्षश्राद्ध मार्गशीर्षात: झाड, वह्या की रोडगे?

पळसफूल
नमस्कार मंडळी, कामाचा सल्ला हवाय.

आजोबांना (आईचे वडील) येत्या मार्गशीर्षात वर्ष होईल. माणूस दोनच गोष्टींत रमायचा, घरची माणसं आणि बाहेरची हवा. सकाळी नागपूरची सेमिनरी हिल्स, रविवारी नातवंडांची पलटण घेऊन गोरेवाडा नाहीतर अंबाझरी, आणि खिशात छोटी वही. वहीत पक्षी, झाडं, मृगाचा पहिला पाऊस, कोणत्या नातवाला कुठे काय दिसलं, सगळं तारखेसकट. दोन बुटांची खोकी भरून वह्या आहेत. शिवाय अॅग्फा क्लिकने काढलेले फोटो आणि त्यांच्या निगेटिव्ह.

तिथीला घरी विधी होईलच. त्याशिवाय काय करावं यावर घरात तीन पक्ष आहेत. मामा म्हणतात झाड लावू, मावशी म्हणते वह्यांचं पुस्तक काढू, आजी म्हणते सगळ्यांना बाहेर नेऊन एका पंगतीत जेवू घाला. चाळीसेक माणसं, सर्वांत लहान तीन वर्षांचं, आणि आजीचे गुडघे दुखतात. गणपती नुकतेच उठले, म्हणजे हातात तीनेक महिने. काय जमेल, काय फसेल, ते सांगा. सांत्वन भरपूर झालंय.

खामल्याचा_बंड्या
झाड लावा, फोटो काढा, विसरून जा. राष्ट्रीय पद्धत आहे. 😀

रोपवाटिका
बंड्याभाऊंचा टोला बरोबर बसलाय, म्हणून झाडाचं आधी सांगतो. मार्गशीर्षात लावू नका.

थंडीत मुळं जेमतेम वाढतात. फेब्रुवारी संपला की आपल्याकडे ऊन चढायला लागतं, मे महिन्यात पारा ४५च्या पुढे. तोवर मूळ फूटभरही खाली गेलेलं नसतं आणि वरचा फूटभर थर भाजून निघालेला असतो. तेच रोप जुलैत लावलं की त्याला पावसाचे तीन महिने मिळतात. म्हणून मार्गशीर्षात फक्त जागा ठरवा. खड्डा एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्या, रोप पहिले दोन-तीन दमदार पाऊस झाल्यावर लावा.

खड्डा २ × २ × २ फूट. खाली मुरूम लागला तर आणखी अर्धा फूट, पहारीने तळ फोडून. काळी माती असेल तर उलट काळजी घ्यावी लागते. त्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचतं आणि मूळ कुजतं, म्हणून रोप जमिनीपेक्षा अर्धा फूट उंचवट्यावर लावायचं. भरताना दोन भाग वरची माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड. कच्चं शेणखत घालू नका, उदई (वाळवी) हमखास लागते. रोप चार-पाच फुटांचं, खोड अंगठ्याएवढं जाड. पिशवी फाडून बघा. मुळं तळाशी गोल फिरलेली असतील तर ती सोडवा, नाहीतर कापा. तशीच पुरली तर झाड दोन-तीन वर्षं छान दिसतं आणि मग एका वादळात आडवं होतं, कारण मुळं बाहेर पसरलेलीच नसतात.

खोड पिशवीत जिथवर मातीत होतं तिथवरच पुरायचं. आधाराचा बांबू पश्चिमेच्या बाजूला, सुतळी आठाच्या आकड्यासारखी आणि सैल. दीड वर्षाने आधार काढून टाका, बांधून ठेवलेलं खोड जाड होत नाही. पालापाचोळ्याचं आच्छादन तीन इंच, पण खोडापासून चार बोटं लांब. पहिले दोन उन्हाळे दर तीन-चार दिवसांनी १५-२० लिटर पाणी, आळ्यात सावकाश. रोज तांब्याभर घातलं तर मुळं वरवरच राहतात, ते काही कामाचं नाही.

इतवारी_जंक्शन
आजोबांसाठी पिंपळच लावा. दुसरं झाड शोभत नाही. शिवाय हरियाल येतील, आपला राज्यपक्षी.

रोपवाटिका
हरियाल येतील हे खरं. वड, पिंपळ, उंबर पिकले की थवे उतरतात. पण तुमचा प्लॉट १५००-२००० फुटांचा असेल तर पिंपळ नको. इमारत, कुंपणाची भिंत, सेप्टिक टँक, पाण्याची पाइप यांच्यापासून ३० फूट मोकळी जागा हवी. ती नसेल तर पंधरा-वीस वर्षांनी नातवंडंच करवत घेऊन उभी राहतील. आणि तेव्हा तोडणं सोपं नसतं. शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५चा कायदा आहे, स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही परवानगी लागते.

छोट्या अंगणात बहावा, कांचन, बकुळ. रस्त्याकडेला कडुनिंब किंवा करंज. गुलमोहर टाळा, अवकाळी वादळात पहिला तोच मोडतो.

गोधनी_पॅसेंजर
एवढी यादी कशाला? वह्या आहेत ना. जे झाड वहीत सर्वांत जास्त वेळा आलंय ते लावा.

पळसफूल
@गोधनी_पॅसेंजर, हे सुचलंच नव्हतं. वरवर चाळलं तर मोह पुष्कळ ठिकाणी आहे.

रोपवाटिका
मोह उत्तम, पण सोटमूळ खोल जातं. मोठं रोप उपटून आणलं तर जगत नाही. ताजं बी लांब पिशवीत लावा. बी जून-जुलैत पडतं आणि महिन्याभरातच त्याचा जीव जातो, त्यामुळे साठवून ठेवता येत नाही. फूल यायला दहा वर्षं धरा. म्हणजे तिथे राहणारा कोणीतरी हवा.

बीट_क्रमांक_७
झाड कुठेही लावा, फक्त जंगलात नेऊन लावू नका. गोरेवाडा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला ही वनजमीन आहे, तिथे परवानगीशिवाय खड्डा खणणं हा गुन्हा ठरतो. लोक "आजोबांचं आवडतं ठिकाण" म्हणून पायवाटेच्या कडेला गुलमोहर, कडुनिंब लावून त्याभोवती विटांचा कठडा करतात. नंतर ते काढावं लागतं. नावाची पाटी खिळ्याने झाडावर ठोकणं तर आणखी वाईट. पाटी लावायचीच असेल तर शेजारी वेगळा खांब पुरा. तारेने खोडाला बांधली तर चार-पाच वर्षांत तार सालीत रुतते.

अस्थींचं विचारलं नाही, तरी सांगून ठेवतो. थोड्या जपून ठेवून नंतर "जंगलातल्या तळ्यात" सोडायची कल्पना बरेच जण काढतात. अभयारण्यातल्या पाण्यात ते चालत नाही. रामटेकचा अंबाळा तलाव त्यासाठीच आहे, तिथे गुरुजी, घाट सगळी सोय आहे.

खामल्याचा_बंड्या
मनपाच्या बागेत बाक दिलं तर? वर नाव घालून.

इतवारी_जंक्शन
सार्वजनिक बागेत काहीही द्यायचं तर आधी उद्यान विभागाला अर्ज, जागेचा नकाशा, देखभाल कोण करणार ते लेखी. परवानगी येण्याआधी बाक करून घेऊ नका. लोखंडी बाक तर नकोच, मे महिन्यात त्यावर कोण बसेल? सिमेंटचं किंवा कडप्पाचं करा, तेही झाडाखाली. नाव कोरून घ्या. रंगवलेलं नाव दोन पावसाळ्यांत जातं.

धंतोलीची_वहिनी
वह्यांकडे कोणी बघतच नाहीये, आणि घाई खरं तर तिथेच आहे. झाड एक वर्ष थांबेल, कागद थांबत नाही.

बुटांच्या खोक्यातून आधी बाहेर काढा. सावलीत, पंख्याशिवाय, दोन दिवस उभ्या उघड्या ठेवा. पानांत चंदेरी कसर किंवा भुकटी दिसली तर मऊ रंगाच्या ब्रशने मधल्या शिवणीपासून बाहेरच्या दिशेने झाडा. गंजलेल्या पिना ओढू नका. पिनेखाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवा आणि बोथट सुरीने टोकं उचला. फाटलेलं पान सेलोटेपने चिकटवू नका. काही वर्षांत टेप पिवळी पडून गळते आणि तिच्या गोंदाचा डाग अक्षरावर उतरतो. लॅमिनेशन तर अजिबात नको, उष्णतेने शाई पसरते आणि एकदा केलं की उलटत नाही.

मग फोटो काढा. स्कॅनर असेल तर मजकूर ३०० डीपीआय, छोटे फोटो ६००. काळं-पांढरं ठेवू नका, रंगीतच करा. उडालेली निळी शाई रंगीत फोटोत वाचता येते, काळ्या-पांढऱ्यात कागदाच्या रंगात मिसळून जाते. मोबाइलने करायचं तर उत्तरेच्या खिडकीपाशी, फ्लॅश बंद, मोबाइल पानाला अगदी समांतर. पुस्तकांच्या चळतींवर काच आडवी टाकून वर मोबाइल ठेवला तरी भागतं. पेन्सिलीचं लिखाण चमकतं, तिथे उजेड थोडा तिरका घ्या.

फाइलला नाव देताना आधी वहीचा क्रमांक, मग पान: ००३_०४५. तारखेवरून नाव देऊ नका, कारण निम्म्या पानांवर तारीख नसते आणि क्रम बिघडतो. कोरी पानं आणि मुखपृष्ठाची आतली बाजूसुद्धा घ्या. किराण्याचे हिशेब आणि फोन नंबर तिथेच असतात, आणि वही कोणत्या सालातली ते पुष्कळदा त्यावरूनच कळतं. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी.

झाल्यावर वह्या सुती कापडात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात, कपाटात वरच्या फळीवर. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केल्या तर पावसाळ्यातला ओलावा आतच राहतो आणि बुरशी धरते.

पळसफूल
वहिनी, फार उपयोगी. फोटो जुन्या अल्बमात आहेत, चिकट पानांचे, वर प्लॅस्टिकचा पदर. काही निघतच नाहीत.

धंतोलीची_वहिनी
ओढू नका. दात साफ करायचा मेणाशिवायचा दोरा फोटोखाली एका कोपऱ्यातून घालून करवतीसारखा मागेपुढे सरकवत न्या. अडला तर थांबा. केस वाळवायचं यंत्र वापरू नका, उष्णतेने गोंद आणखी पसरतो. मुळीच निघत नसेल तर तो फोटो पानासकट स्कॅन करा, पदर मात्र काढून, नाहीतर चकाकी येते.

निगेटिव्ह असतील तर प्रिंटपेक्षा त्याच महत्त्वाच्या. अॅग्फा क्लिक-थ्रीमध्ये १२० नंबरचा रोळ, ६ × ६ सेंटीमीटरचे बारा फोटो. एवढी मोठी निगेटिव्ह साध्या स्कॅनरवर होत नाही, वरून प्रकाश देणारा लागतो. २४०० डीपीआय पुरे. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्म खराब व्हायला लागली आहे, ती आधी करा आणि बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.

माळढोक_कुठंय
पक्ष्यांच्या नोंदींबद्दल. जुन्या माणसांनी इंग्रजी नावं लिहिली असतील तर आजच्या यादीत ती सापडणार नाहीत. क्रो-फेझंट म्हणजे आताचा ग्रेटर कौकल, आपला भारद्वाज. किंग क्रो म्हणजे ब्लॅक ड्रोंगो, कोतवाल. पॅडी बर्ड म्हणजे इंडियन पाँड हेरॉन, ढोकरी. परायाह काइट म्हणजे ब्लॅक काइट, घार. किंग व्हल्चर दिसलं तर जपून ठेवा, ते लाल डोक्याचं गिधाड, आणि जुन्या नोंदीला फार किंमत आहे.

ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, टाकता येतं. तारीख आणि जागा पक्की असेल, पण किती वेळ आणि किती चाल ते माहीत नसेल, तर निरीक्षणाचा प्रकार 'हिस्टॉरिकल' निवडायचा. अंदाजाने वेळ भरू नका. संख्या लिहिलेली नसेल तर 'एक्स' टाका, एक लिहू नका. स्वतःच्या यादीत त्यांच्या नोंदी मिसळू नका. घुबडाची ढोली, गिधाडाचं घरटं असं काही असेल तर नेमकी जागा सगळ्यांना दिसेल असं ठेवू नका. आणि शंका असलेली नोंद "आजोबांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच" म्हणून घुसवू नका. तेही प्रश्नचिन्ह टाकत असतीलच.

पळसफूल
हो, पुष्कळ ठिकाणी प्रश्नचिन्ह आहे. काही ठिकाणी दोन.

तर्रीवाला
काहून एवढं डोकं लावून राहिले जी? आजी काय म्हणते ते कोणी ऐकतच नाही. मार्गशीर्ष म्हणजे रोडग्याचे दिवस, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले गव्हाचे गोळे. नवी वांगी, तुरीचे ओले सोले (दाणे), थंडी. ज्या माणसाला घरचे आन् बाहेरची हवा दोन्ही पाहिजे होते, त्याच्यासाठी याच्यापेक्षा मोठं काय असते?

चाळीस माणसाचं गणित घ्या. लेकरं धरून माणशी अडीच रोडगे, म्हणजे शंभर. एका रोडग्याले शंभर ग्रॅम पीठ, म्हणजे दहा किलो. गहू जाडसर दळून आणा, रव्याच्या जरा खाली. पोळीच्या बारीक पिठाचे केले तर दगड होते, आत चिकट राहते. किलोले १०० मिली तेलाचं मोहन, चमचाभर ओवा, दोन चमचे मीठ. मोहन पिठाले चोळून मूठ वळली पाहिजे. पाणी कोमट, हळूहळू, किलोले साधारण साडेचारशे मिली. घट्ट मळा आन् अर्धा तास झाकून ठेवा.

आता रोडगा. तीन छोट्या पुऱ्या, एकाहून एक लहान. पुरीवर तेल, त्यावर कोरड्या पिठाची चिमूट, वर दुसरी पुरी, तसंच तिसरी. मग चौथी मोठी पुरी घेऊन तिच्यात हे सगळं बांधायचं आन् गोल करायचं. तोंड नीट मिटवा. उघडं राहिलं तर राख आत जाते, मग खाताना दाताखाली कचकच. पिठाची चिमूट विसरले तर पदर एकजीव होते आन् मधात कच्चं राहते.

गोवऱ्या वाळलेल्याच पाहिजे. किलोले पंधरा-वीस, म्हणजे दोनशे आणून ठेवा. ओल्या असल्या तर धूर होते आन् रोडग्याले वास लागते. रचून पेटवा आन् सोडून द्या. धूर सरला, ज्वाळ बसली, लाल आर (निखारे) झाला की तो पसरा. मग रोडगे ठेवून वरून गरम राख आन् आर झाका. ज्वाळेवर ठेवले तर बाहेरून काळे, आत पीठ. पंधरा मिनिटांनी उलटा. एकूण अर्धा तास ते चाळीस मिनिटं. तडा गेला आन् टिचकी मारल्यावर भरीव ठकठक न येता हलका आवाज आला की झालं. स्वच्छ पोत्यात पाच-सहा टाकून दोघांनी दोन टोकं धरून हलवा, राख सुटते. मग हातानं दाबून फोडा आन् तुपाच्या भांड्यात बुडवा. तुपात कंजुषी केली तर आजोबा वरून बोलतीन.

भाजी वांगे-सोल्याची, वांगी सहा किलो, सोले दीड किलो. सोबत तुरीचं वरण, ठेचा, मुळा-कांदा. उरलेल्या रोडग्याचा गूळ-तूप घालून चुरमा, लेकरं तेच खाते.

खामल्याचा_बंड्या
तर्रीवाले भाऊ, भाजीत सांबार किती जुड्या ते राहिलं.

तर्रीवाला
चार. आन् पुणेकर वाचत असतीन तर त्यांनी इडली आणू नये, कोथिंबीर म्हणून राहिलो.

पर्वती_पायथा
आम्ही वाचत आहोत. एक शंका. वर्षश्राद्धाच्या दिवशी वांगं, कांदा, मुळा कसं चालेल?

इतवारी_जंक्शन
तिथीला घरी विधी आणि श्राद्धाचा स्वयंपाक. रोडगे त्यानंतरच्या रविवारी. एकाच दिवशी दोन्ही केलं तर गुरुजींना उशीर होतो, सूर्य कलतो आणि आर तयार असताना निम्मी माणसं वाटेत असतात. बाहेरगावच्यांनाही रविवारच बरा.

बीट_क्रमांक_७
जागेचं आधी ठरवा. गोरेवाडा, अंबाझरीचं जैवविविधता उद्यान, पेंचच्या आसपासचं राखीव जंगल, कुठेही चूल नाही. वणव्याचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून मानतात, पण म्हणून डिसेंबरात परवानगी असते असं नाही. कोणाचं तरी शेत बघा, काटोल रोड, कळमेश्वर, उमरेडच्या बाजूला.

शेतातही डिसेंबरात तूर उभी असते, कपाशी वाळत आलेली, बांधावर गवत वाळलेलं. आर करायच्या जागेभोवती दहा फूट गवत खरवडून माती उघडी करा, पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवा, वारा घराकडून शेताकडे असेल तर जागा बदला. निघताना राखेवर पाणी टाकून काठीने ढवळा आणि पुन्हा पाणी टाका. गोवरीची राख वरून थंड वाटते, आत रात्रभर निखारा राहतो.

याहून महत्त्वाचं, पेटवण्याआधी वर बघा. वड, काटेसावर, पिंपळ, पाण्याच्या टाकीची खालची बाजू, सगळीकडे आग्या मोहोळ असतं. त्याच्या खाली किंवा वाऱ्याच्या दिशेला धूर केला तर माश्या उठतात. मग चाळीस माणसं आणि गुडघे दुखणारी आजी, पळणार कुठे? झाडावर काळं, लोंबतं काही दिसलं तर त्या शेतातून सरळ दुसरीकडे. हल्ला झालाच तर हातवारे करू नका, तोंड-मान झाकून गाडीत किंवा खोलीत शिरा आणि काचा लावा. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर घिरट्या घालत राहतात.

गोधनी_पॅसेंजर
आजींसाठी पाठ असलेली खुर्ची न्या. सतरंजीवर बसवू नका, उठताना त्रास होतो. संडास कुठे आहे ते आधी जाऊन बघा. चार-पाच तासांचा कार्यक्रम निम्म्या वेळी याच एका गोष्टीमुळे आटोपता घ्यावा लागतो.

सफारीचं कोणी सुचवायच्या आत सांगतो, चाळीस माणसांना जमत नाही. एका जिप्सीत सहा पर्यटक, पहाटे पाचला निघणं, आणि तीन वर्षांच्या मुलाला चार तास गप्प बसवणं. सात गाड्या सात दिशांना जाणार, मग एकत्र येणं कुठे राहिलं? वाघ दिसला नाही तर परतीच्या वाटेवर चर्चा त्याचीच.

मुलांसाठी वह्यांतली पानं वापरा. प्रत्येक मुलाला एका पानाची झेरॉक्स द्या आणि त्यात लिहिलेली झाडं, पक्षी शेतात शोधायला लावा. पान मात्र डिसेंबरातलंच निवडा. मार्चचं दिलं तर पळस-काटेसावर फुललेली लिहिलेली असणार आणि मुलांना नुसत्या फांद्या दिसणार. थंडीतलं पान असेल तर धोबी, कोतवाल, भारद्वाज शेतातच भेटतात. तळं जवळ असेल तर चक्रवाक, थापट्या, हळदीकुंकू बदक.

माळढोक_कुठंय
+१. दुर्बीण पोरांच्या हातात देण्याआधी पट्टा गळ्यात. आजोबांची जुनी दुर्बीण असेल तर उजेडाकडे धरून उलटी बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे. घरी उघडू नका, भिंगं परत एका रेषेत बसवता येत नाहीत आणि मग दोन चित्रं दिसतात. दुरुस्तीला द्या. तोवर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

धंतोलीची_वहिनी
मावशींच्या पुस्तकाबद्दल थोडं. तीन महिन्यांत सगळ्या वह्यांचं पुस्तक होत नाही. ३२ पानांची पुस्तिका होते. आकार ए-फाइव्ह, मधोमध पिना, म्हणून पानं चारच्या पटीत. आतला कागद १०० जीएसएम, मुखपृष्ठ २५०. पन्नास प्रतींसाठी ऑफसेटच्या फंदात पडू नका, प्लेटचाच खर्च वर येतो, डिजिटल छपाई करा. मजकूर युनिकोडमध्ये दिलात आणि छापखान्याने तो श्रीलिपी या जुन्या फॉन्टपद्धतीत वळवला, तर रफार आणि 'ऱ्य' हमखास घोळ करतात. 'मार्गशीर्षात गोरेवाड्याच्या वाऱ्यावर' अशी एखादी ओळ मुद्दाम टाकून बघा. मुद्रितशोधन शेवटच्या पीडीएफवर करायचं, वर्डच्या फाइलवर नाही.

मजकुरात "प्रेमळ, मनमिळाऊ, निसर्गप्रेमी" हे शब्द आले की ओळ कापा. कोणत्याही आजोबांना लागू पडतात. नातेवाइकांना "आजोबा कसे होते?" विचारलं तर हेच शब्द येणार. त्याऐवजी विचारा, पिशवीत काय असायचं? टेकडी चढताना कुठे थांबायचे? मुलांमध्ये भांडण झालं तर कोणाला पुढे चालवायचे? डबा कोणत्या झाडाखाली उघडायचे आणि त्यात काय असायचं? हातात जुना फोटो देऊन विचारलं की उत्तरं आणखी नेमकी येतात. सर्वांत वयस्कर माणसापासून सुरुवात करा. मोबाइल घडी घातलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर, एअरप्लेन मोडवर. पंखा-कूलर बंद. एका वेळी वीस-पंचवीस मिनिटं, मग थकवा येतो आणि माणूस "बस, असंच होतं सगळं" म्हणतो.

पर्वती_पायथा
वहीतला मजकूर शुद्धलेखन सुधारून छापावा का?

धंतोलीची_वहिनी
नाही. तारीख, नाव, खाडाखोड जशी आहे तशी. एका पानाचा फोटो आणि समोर वाचन, एवढंच करा.

इतवारी_जंक्शन
थोडं विषयांतर. अक्षय्य तृतीयेला पितरांसाठी पाण्याची घागर भरतोच आपण. त्याच दिवशी अंगणात पाखरांसाठीही पाणी सुरू करता येईल. पसरट मातीचं भांडं, खोली दोन इंचांपेक्षा जास्त नको, मधे दगड ठेवा म्हणजे छोटे पक्षी बुडत नाहीत. सावलीत, आणि जवळ मांजर दबा धरेल असं झुडूप नसावं.

रोपवाटिका
रोज ओतून नारळाच्या शेंडीने घासा. डासांची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत. आठवडाभरात डास बाहेर पडतात, आणि आपल्याकडे डेंग्यूला कमी नाही.

मिहान_ते_मुंबई
स्पष्ट बोलतो. हे सगळं एका वर्षापुरतं होतं. पुढच्या वर्षी कोणाचा मुलगा बारावीला, कोणाला सुट्टी नाही. झाडाला पाणी घालायला कोण, ते लिहा आधी.

तर्रीवाला
म्हणूनच तर रोडगे म्हणून राहिलो. भुकेले माणसाले बोलवा लागत नाही.

मिहान_ते_मुंबई
शंभर रोडगे वळायलाही माणसं लागतात भाऊ. पुढच्या वेळी केटरर येईल, बघा.

तर्रीवाला
केटररचे रोडगे ओव्हनात होते. त्याले मी काही म्हणत नाही, पण रोडगेही म्हणत नाही.

पळसफूल
सगळ्यांचे आभार. घरी धागा वाचून दाखवला. ठरलेलं असं:

तिथीला घरी विधी. पुढच्या रविवारी कळमेश्वरच्या बाजूला मामांच्या मित्राच्या शेतात रोडगे. तिथल्या वडाकडे वर बघून या, असं मामांना सांगितलंय. मोठ्या पुस्तकाऐवजी ३२ पानांची पुस्तिका, मावशीने होकार दिला, पण रुसून. स्कॅनिंग या शनिवारपासून, आधी निगेटिव्ह. बाक रद्द.

झाडाचं @मिहान_ते_मुंबई म्हणाले ते घरात सगळ्यांना टोचलं. त्यामुळे ज्याच्या घरी नळ आणि माणूस दोन्ही आहेत, तिथेच खड्डा. सध्या एकच घर पात्र ठरतंय, धाकट्या मावशीचं, पण तिच्याकडे पश्चिमेला भिंत आठ फुटांवर आहे. मोह चालेल का?

रोपवाटिका
आठ फुटांवर मोह नको, पसारा मोठा होतो. बहावा लावा. वहीत आहे का बघा.

पळसफूल
आहे. सेमिनरी हिल्सच्या चढावरचा, मे महिन्यातला. शेजारी एक प्रश्नचिन्ह, कशाबद्दल ते कळत नाही.

माळढोक_कुठंय
पानाचा फोटो टाका. शेंग लिहिली आहे का फूल?

तर्रीवाला
फोटो सावकाश टाका. गोवऱ्या आत्ताच सांगून ठेवा, दिवाळीनंतर वाळलेल्या मिळत नाही. दोनशे नाही, सव्वादोनशे सांगा, पंचवीस फुटतेच.